वेळ जातो तो फाट्यावर

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कुठल्याही फाट्यावरच्या टपरीवर बसा, रस्त्याचा विषय निघाला की बोलणं एकाच मागणीवर येऊन थांबतं: चौपदरी झाला पाहिजे. समृद्धी झाला, शक्तिपीठ येणार म्हणतात, नागपूरहून गोंदिया आणि चंद्रपूरकडे द्रुतगती मार्ग आखलेत. मग तालुक्याहून जिल्ह्याला रोज अप-डाऊन करणाऱ्यांनीच काय घोडं मारलं? या मागणीमागची तळमळ खरी आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होतो. तालुक्याच्या गावाहून शाळेपर्यंत सोळा किलोमीटर जाणं आणि सोळा येणं, असं चौदा वर्षं मोटारसायकलवर केलं. माझा एक सहकारी संध्याकाळी परतताना खचलेल्या साइडपट्टीवरून घसरला आणि मागून येणाऱ्या ट्रकखाली गेला. त्याची डब्याची पिशवी मीच त्याच्या घरी नेऊन दिली. त्यामुळे रस्ता सुधारू नका असं मी जन्मात म्हणणार नाही. पण रोजच्या प्रवाशाचं नाव पुढे करून हजारो कोटींचा नवा महामार्ग मागणं मला आता पटत नाही. कारण आपला वेळ नेमका कुठे जातो, हे आपण कधी मोजलंच नाही.

मागच्या हिवाळ्यात मी ते मोजलं. आईला डोळे दाखवायला यवतमाळला न्यायचं होतं. निवृत्तीनंतर मी मूळ गावी राहतो, गाव फाट्यापासून दोन किलोमीटर आत. घरून निघताना घड्याळ पाहिलं आणि डायरीच्या मागच्या पानावर लिहीत गेलो. फाट्यापर्यंत आईच्या चालीने पंचवीस मिनिटं. काळीपिवळी भरेपर्यंत अर्धा तास. तालुक्यापर्यंत पस्तीस मिनिटं. आमची गाडी स्टँडवर टेकायच्या पाच मिनिटं आधी यवतमाळची बस निघून गेलेली, म्हणून बाकावर पन्नास मिनिटं. मग पुढचे चाळीस-बेचाळीस किलोमीटर सव्वा तासात. बेरीज साडेतीन तासांच्या वर गेली. त्यात चाकं फिरत होती ती एक तास पन्नास मिनिटं. बाकीचा पावणेदोन तास आम्ही चाललो, उभे राहिलो आणि बसून राहिलो.

आता समजा तो सगळा रस्ता चौपदरी झाला. थांबे घेत जाणारी बस सव्वा तासाऐवजी फार तर पन्नास मिनिटांत पोचेल, म्हणजे पंचवीस मिनिटं वाचली. पण तालुक्याच्या स्टँडवर ती बस दहा मिनिटं आमच्यासाठी थांबली असती, तर एका डांबराच्या पिंपाशिवाय पन्नासातली पंचेचाळीस मिनिटं वाचली असती. काळीपिवळीला सुटायची वेळ ठरवून दिली असती, तर आणखी वीस-पंचवीस. साधं बेरीज-वजाबाकीचं गणित आहे, चौथीतल्या पोरालाही येतं. तरी रस्त्याच्या कुठल्याही मागणीपत्रात मी ते कधी वाचलं नाही.

आमच्या फाट्यावर एक मुलगी उभी असते. अकरावी सायन्सला आहे, कॉलेज तालुक्याला. पहिली तासिका पावणेआठला. पऱ्हाटीच्या शेतांमधून ती एकटी येते, दिवाळीनंतर दिवस लहान झाला की मोबाईलचा उजेड पाडत येते. एका सकाळी मी दुधाला गेलो तर साडेआठ वाजले तरी ती तिथेच. त्या दिवशीची बस कुठल्याशा कार्यक्रमाला माणसं आणायला गेली होती, आणि ते फाट्यावर कोणालाच माहीत नव्हतं. "सर, आज प्रॅक्टिकल होतं," ती म्हणाली, "आता जाऊन बी का करू?" मग पाठीवरची बॅग तशीच ठेवून परत दोन किलोमीटर चालत गेली. त्या मुलीसाठी महामार्ग किती पदरी आहे याला काही अर्थ नाही. गाडी येणार की नाही, आणि येणार नसेल तर ते आदल्या रात्री कळणार की नाही, एवढ्यावर तिचं वर्ष अवलंबून आहे.

त्याच फाट्यावर रोज सकाळी मला आणखी एक गोष्ट दिसते, आणि माझं मत बदललं ते ती पाहूनच. साडेनऊ ते साडेदहाच्या दरम्यान तालुक्याकडून मोटारसायकलींची रांग लागते. शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी, आरोग्यसेविका, बँकेचा कॅशियर, पशुवैद्यकीय दवाखान्यातला माणूस, बहुतेक एका गाडीवर एकेकटे. हे सगळे गावाकडे येतात. नेमक्या त्याच वेळेला गावातली पोरं, दवाखान्याचे पेशंट, कोर्टकचेरीची माणसं आणि बाजाराला निघालेल्या बाया तालुक्याकडे जायला उभ्या असतात. एक अख्खी फौज तिकडून इकडे, दुसरी इकडून तिकडे. संध्याकाळी उलटं. शहरातल्या वाहतुकीची मोठी अडचण अशी असते की सकाळी सगळे एकाच दिशेला जातात आणि गाड्या रिकाम्या परततात. आमच्याकडे दोन्ही बाजूंना प्रवासी आहेत, म्हणजे जाता-येता दोन्ही वेळा भरलेली गाडी मिळू शकते. असं दान शहराच्या नशिबी नसतं. आणि आम्ही काय करतो? गावाकडे येणारी बस मोकळी येते, तिच्या बाजूने पाच शिक्षक पाच मोटारसायकलींवर धूळ खात येतात, आणि गावाकडून जाणाऱ्या काळीपिवळीत पोरं मागच्या पायरीवर लोंबकळतात.

मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या सव्वाशे तालुक्यांत शाळकरी मुलींसाठी निळ्या बस सुरू झाल्या. अतिशय चांगली योजना, तिच्यामुळे किती पोरींची शाळा टिकली ते मी वर्गात पाहिलं आहे. पण ती बस मुलींना आणायला गावात येते, त्याच खेपेत मास्तर आणि नर्सबाई का येत नाहीत? कारण वेळापत्रक बनवताना त्यांना कोणी विचारलंच नाही. शाळेची वेळ, ग्रामपंचायतीची वेळ आणि बसची वेळ एका टेबलावर ठेवून कोणी पाहिलीच नाही. पंचायत समितीने एका दुपारी सगळ्या केंद्रप्रमुखांना आणि आगाराच्या माणसाला समोरासमोर बसवलं, तर निम्मा गुंता तिथेच सुटेल. कर्मचाऱ्यांनी महिन्याचा पास काढला की गाडीचं डिझेल निघण्याची सोय होते. पेट्रोलला जाणारा पैसा वाचतो तो वेगळाच. आणि त्या साइडपट्टीवरून संध्याकाळी कोणाला मोटारसायकल हाकावी लागत नाही.

आता पैशाचं बोलू. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, खर्च सुमारे ५५ हजार कोटी. जमिनीसकट धरलं तर किलोमीटरला ७८ कोटी पडले. २०२४ मध्ये एसटीसाठी २,१०४ नव्या बसगाड्यांची मागणी नोंदवली गेली ती सुमारे ९८१ कोटींची, म्हणजे एक बस ४७ लाखांच्या आत. एका किलोमीटर समृद्धीच्या पैशात दीडशेच्या वर बस येतात. विदर्भात १२० तालुके आहेत. प्रत्येक तालुक्याला फक्त गावखेड्याच्या फेऱ्यांसाठी दहा नव्या गाड्या द्यायच्या म्हटलं तरी बाराशे गाड्या होतात, साडेपाचशे कोटींच्या थोड्या वर. सात किलोमीटर समृद्धी, एवढाच तो हिशेब. यावर कोणी म्हणेल, बस घेतली की संपलं नाही, चालक, वाहक, डिझेल, टायर रोजचे आहेत. बरोबर आहे, आणि तो खर्च सरकारने उघडपणे उचलला पाहिजे. महामार्गालाही डागडुजी लागते, शिवाय त्याच्यावर चढायला ज्याची त्याची गाडी लागते. मार्च २०२३ पासून बायांना एसटीचं तिकीट अर्धं झालं तेव्हा आमच्याकडच्या गाड्या कशा भरून जायला लागल्या ते सगळ्यांनी पाहिलं. माणसांना प्रवास हवा होता, गाडी परवडत नव्हती. आज सवलत आहे, पण बऱ्याच गावांत जिच्यात ती मिळावी ती बसच दिवसातून एकदा येते.

समृद्धीवर दुचाकीला, ऑटोला, ट्रॅक्टरला मनाई आहे. सव्वाशेच्या आसपास वेगाने गाड्या जातात तिथे ही मनाई योग्यच म्हणायला हवी. पण मग हा रस्ता अप-डाऊनवाल्यांसाठी आहे असं तरी म्हणू नये. नागपूर–शिर्डीचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला तेव्हा आमचे वाशीम, अमरावतीकडचे सोयरे हौसेने पाहायला गेले. कुंपणाच्या अलीकडे उभे राहून पाहून आले. ज्याच्या वावरातून रस्ता गेला त्याला आपल्याच वावराच्या दुसऱ्या तुकड्यात जायला बोगद्यातून वळसा घ्यावा लागतो. मुंबईला माल न्यायचा तर त्याचा उपयोग आहे, संत्र्याला आहे, कापसाच्या गाठींना आहे. ती गरज वेगळी, तिचा हिशेब वेगळा करावा. पवनार ते पत्रादेवी शक्तिपीठ महामार्गाचा अंदाज ८६ हजार कोटींच्या घरात सांगितला गेला. त्यावर श्रद्धेच्या आणि विकासाच्या अंगाने काय बोलायचं ते बोलावं, पण आमच्या फाट्यावरच्या मुलीला त्यातून काही मिळणार आहे असं कृपा करून सांगू नये.

चांगल्या रस्त्याने अप-डाऊन कमी होतं हा समजही मला तपासून पाहावासा वाटतो. मी नोकरीला लागलो तेव्हा आमचे हेडमास्तर शाळेच्याच गावात राहायचे. पाटलाच्या वाड्यात दोन खोल्या होत्या, रात्री कंदील लावून सातवीच्या पोरांचा अभ्यास घ्यायचे. मग रस्ता डांबरी झाला आणि शिक्षक तालुक्याला राहायला गेले. मी त्यातलाच. तालुका-जिल्हा रस्ता रुंद झाला तसे नवीन आलेले यवतमाळहून यायला लागले. आता चारचाकीत चौघं मिळून अमरावतीहून येणारे पाहतो. प्रवासाला लागणारा वेळ तेवढाच राहिला, अंतर मात्र वाढत गेलं. रस्त्याने वाचवलेला वेळ माणसाने आणखी लांब राहायला जाऊन खर्च केला, आणि गाव तेवढंच दूर पडलं. रात्री साप चावला तर उपकेंद्राला कुलूप, कारण नर्सबाईंचं बिऱ्हाड साठ किलोमीटरवर. यात त्यांना दोष देऊन भागत नाही, त्यांचीही पोरं शिकायची आहेत. उपकेंद्राच्या मागची खोली गळते आणि बाथरूमला दार नाही, तिथे कोण राहील?

मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावीच, राहण्याचा नियम आहे, घरभाडे भत्त्यासाठी तसा ग्रामसभेचा ठराव मागितला जातो, आणि तो ठराव कसा मिळतो हे सरपंचापासून शिपायापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. या खोटेपणात वर्षं घालवण्यापेक्षा आठ-दहा गावांच्या मध्ये एखाद्या बाजाराच्या गावी बारा-पंधरा चांगली घरं बांधावी. पाणी, संडास, वीज, पोरांना एक बरी शाळा. शिक्षक, नर्स, तलाठी, कृषी सहायक तिथे शेजारी राहतील. तिथून प्रत्येकाचं गाव पाच-सात किलोमीटर. सायकलने जाता येतं. नव्या रस्त्याला पर्याय म्हणून घरं बांधा, हे ऐकायला विचित्र वाटेल. पण रोजचा प्रवास सगळ्यात जास्त कमी कशाने होईल असं मला कोणी विचारलं, तर मी घराचंच नाव घेईन.

तसंच कामांचं. डिजिटल सहीचा सातबारा २०१८ पासून ऑनलाइन मिळतो, त्यासाठी तालुक्याच्या चकरा खरोखर कमी झाल्या. म्हणजे प्रवास रस्त्याशिवायही कमी करता येतो हे आम्ही अनुभवलं आहे. मग निराधार योजनेच्या म्हातारीला अंगठा उमटत नाही म्हणून तीन वेळा तालुक्याला का जावं लागतं? आठवडी बाजाराच्या दिवशी बँकेचा माणूस, आधारची मशीन आणि तहसीलचा एक कारकून बाजाराच्या गावी येऊन बसले, तर त्या दिवशीच्या पंचवीस खेपा वाचतील. बाजाराला ती म्हातारी येतेच.

परदेशातली उदाहरणं द्यायची मला फारशी सवय नाही, पण एक द्यावंसं वाटतं. स्वित्झर्लंडच्या रेल्वेने १९८२ मध्ये दर तासाला ठरलेल्या मिनिटाला गाडी असं वेळापत्रक देशभर लावलं. पुढे १९८७ मध्ये मोठी रेल्वे योजना मतदानाला टाकली आणि लोकांनी ती मंजूर केली. तिची रीत अशी की आधी वेळापत्रक ठरवायचं. मोठ्या स्टेशनात सगळ्या दिशांच्या गाड्या एकाच सुमाराला येतील, माणसं इकडची तिकडे चढतील आणि गाड्या सुटतील. यासाठी जिथे काही मिनिटं कमी पडतात, तेवढ्याच ठिकाणी नवा लोहमार्ग बांधायचा. डोंगरातल्या खेड्यांत पिवळी पोस्टाची बस जाते आणि तिची वेळ खालच्या आगगाडीशी जुळवलेली असते. पैशाने तो देश आपल्या कितीतरी पुढे, तरी त्यांनी कागद-पेन्सिलचं काम आधी केलं. आपण गरीब, आणि आपण आधी जेसीबी लावतो.

तालुक्याचं स्टँड म्हणजे अशी गाठ व्हायला हवी. दर दोन तासांनी ठरलेल्या वेळी चारी दिशांच्या गाड्या येतील, दहा मिनिटं थांबतील, मग सुटतील. काळीपिवळीवाल्यांनाही यात घ्यावं. टप्पा वाहतूक, म्हणजे वाटेत थांबत सवारी चढवणं-उतरवणं, एसटीची, म्हणून ते चोरून सवारी भरतात, दंड भरतात, हप्ते भरतात आणि कोंबून माणसं नेतात. ज्या गावाला मोठी बस परवडत नाही तिथे त्यांनाच ठरलेली वेळ, ठरलेलं भाडं आणि फेरीमागे थोडं अनुदान द्यावं. एसटीचा पास त्यांच्याही गाडीत चालावा. माझ्या ओळखीचा एक चालक म्हणतो, "सर, मले टाइम देल्ला तं मी दोन सवाऱ्यांवर बी निंगतो. पण माह्या डिझलचं कोण पाह्यते?" त्याच्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही महामार्गाच्या खर्चापुढे फार छोटं आहे.

बांधकामच करायचं तर रपट्यांचं करा. आमच्याकडे पावसाळ्यात गाव तुटतं ते रस्ता अरुंद म्हणून तुटत नाही, नाल्यावरचा रपटा पाण्याखाली जातो म्हणून तुटतं. सप्टेंबर २०२१ मध्ये उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावर पुरात बस वाहून गेली, माणसं दगावली. जुलै २०२३ च्या पुरात महागाव तालुक्यात अडकलेल्या लोकांसाठी हेलिकॉप्टर बोलवावं लागलं. एकेक रपटा दोन-तीन मीटर उचलून पूल केला, फाट्यावर सौरदिवा लावला, साइडपट्ट्या मुरूम घालून दाबल्या आणि पांदण रस्ते खडीचे केले, तर बाळंतीण अडकणार नाही. १०८ची गाडी हायवेवर क्वचित अडकते. ती अडकते फाट्यापासून घरापर्यंतच्या चिखलात.

आणि आमची शकुंतला, छोट्या रुळांवरची आगगाडी. मूर्तिजापूर, कारंजा, दारव्हा, यवतमाळ, ११३ किलोमीटर. दुसरा फाटा अचलपूरकडे. १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन होतं, पुढे डिझेल आलं, मग गाडीच बंद पडली. रुळांवर बाभळी उगवल्या. लोक ब्रॉडगेज मागतात, मीही मागणाऱ्यांत आहे. पण ते होईल तेव्हा होईल. राजस्थानात मेडता रोड ते मेडता सिटी एक डब्याची रेल्वेबस चालते. तशी हलकी गाडी या मार्गावर सकाळी-संध्याकाळी चालवायचा विचार तरी करायला हवा. इथे जमीन संपादित करायची नाही, कोणाचं वावर जात नाही. तिकडे इतवारी–नागभीडची छोटी गाडीही २०१९ च्या शेवटी रुंदीकरणासाठी थांबवली आणि उमरेड, भिवापूरकडचे रोजचे प्रवासी रस्त्यावर आले. चालती गाडी थांबवण्याआधी तिच्या प्रवाशांची दुसरी सोय लावायची, एवढा नियम तरी पाळायला हवा होता.

माझे काही मित्र म्हणतात, मोठा रस्ता आला की कारखाने येतात, जमिनीला भाव येतो. येत असेल. ज्याची जमीन रस्त्याला लागून आहे आणि ज्याला ती विकायची आहे, त्याला येतो. मजुरीला जाणाऱ्या बाईला जमीन नाही. तिला सकाळी सहाला गाडी पाहिजे आणि अंधार पडायच्या आत परत यायची खात्री.

आमच्या फाट्यावरचा टपरीवाला गेली कित्येक वर्षं एक काम फुकट करतो. तालुक्याच्या स्टँडसमोर त्याच्या साळ्याचं पानाचं दुकान आहे. सकाळी साडेपाचला तो साळ्याला फोन लावतो, "गाडी लागली का?" आणि मग टपरीवर उभ्या असलेल्यांना सांगतो. गाडी रद्द असेल तर गावातल्या ग्रुपवर टाकतो. प्रॅक्टिकल बुडालं त्या दिवशी तो एका लग्नाच्या वऱ्हाडात गेला होता, म्हणून कोणाला कळलं नाही.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मी एक ठराव मांडणार आहे. चौपदरीची मागणी त्यात नाही. मुक्कामी गाडी परत सुरू करावी, चालक-वाहकाच्या झोपायची सोय समाजमंदिरात आम्ही करू. गाडी सकाळी सव्वासहाला सुटावी, म्हणजे पोरांना पावणेआठची तासिका मिळते. रद्द झाली तर आदल्या रात्री आठपर्यंत टपरीवर फोन यावा. आणि नाल्यावरचा रपटा उचलावा. मुक्कामी गाडीसाठी सह्या घेत फिरतोय, सत्तावीस घरं झाली. त्या मुलीच्या घरी तिच्या आजीने अंगठा दिला.